जेवल्यावर घड्याळ बघा: बायपासनंतरच्या डम्पिंगबद्दल तुमचे प्रश्न

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या आहाराबद्दल आलेल्या पत्रांत या वेळी एकच तक्रार पुन्हा पुन्हा दिसली: खाल्लं की घाम फुटतो, छाती धडधडते, गळून जायला होतं. जवळजवळ प्रत्येकाने काय खाल्लं ते लिहिलंय, पण खाल्ल्यावर किती मिनिटांनी त्रास झाला हे फार थोड्यांनी लिहिलंय. मला आधी तेच हवं असतं. अर्ध्या तासात होणारा त्रास आणि दोन तासांनी होणारा त्रास दिसायला सारखे असले, तरी त्यांची कारणं वेगळी आहेत आणि उपायही वेगळे.

प्रश्न: माझं वय ३४. चार महिन्यांपूर्वी गॅस्ट्रिक बायपास झालं. भाचीच्या बारशाला सगळ्यांच्या आग्रहाने दोन चमचे श्रीखंड आणि थोडं सरबत घेतलं. पंधरा-वीस मिनिटांत पोटात मुरडा, जोरजोरात धडधड, अंगभर घाम आणि मग जुलाब. आडवं पडावंच लागलं. घरच्यांना वाटलं हार्ट अटॅक आहे. आता खायचीच भीती वाटते. (सातारा)

ताई, तुम्ही सांगितलेली वेळ आणि पदार्थ बघता हे लवकर होणारं डम्पिंग दिसतं. आपल्या जठराच्या शेवटी पायलोरस नावाचा एक दरवाजा असतो. तो खाल्लेलं अन्न थोडं थोडं करून आतड्यात सोडतो. बायपासमध्ये जठराची साधारण ३० मिली, म्हणजे दोन मोठे चमचे पाणी मावेल एवढी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. त्यामुळे हा दरवाजा वाटेत येतच नाही. श्रीखंडातली आणि सरबतातली साखर एकदम आतड्यात उतरते. एवढं दाट गोड आत आलं की ते पातळ करायला शरीर रक्तातलं पाणी आतड्यात ओढून घेतं. त्याने पोट फुगतं, मुरडा येतो, जुलाब होतात. इकडे रक्तातलं पाणी कमी झालं, आतड्यातून काही संप्रेरकं सुटली, की नाडी धावते, घाम येतो, चेहरा लाल होतो, आडवं व्हावंसं वाटतं. पूर्वी अल्सरसाठी जठराचा भाग कापत असत, त्या रुग्णांनाही हेच व्हायचं. वजनाच्या शस्त्रक्रिया त्यानंतर कितीतरी वर्षांनी आल्या.

पुन्हा असं झालं तर वीस-तीस मिनिटं आडव्या पडा. साखरपाणी अजिबात घेऊ नका. चक्कर आली की साखर द्यायची हा आपल्या घराघरातला पहिला उपाय, पण या त्रासात तो आगीत तेल ओतण्यासारखा आहे. तासाभरात बरं वाटलं की साधं पाणी घोट घोट प्या.

हे टाळण्यात सर्वात जास्त उपयोग होतो तो पाणी आणि जेवण वेगळं ठेवण्याचा. ताटाबरोबर पाणी, ताक, सोलकढी काहीच नको. जेवण संपल्यावर अर्धा तास जाऊ द्या, मग प्या. दिवसभरात मात्र पाणी पुरेसं गेलं पाहिजे, त्यामुळे मधल्या वेळात बाटली हाताशी असू द्या. जेवण पाच-सहा वेळा, लहान वाटीभर, आणि घास चावून चावून वीस मिनिटं तरी लावा. आधी अंडं, पनीर, घट्ट वरण, उसळ किंवा मासा खा. भात-पोळी नंतर, पोटात जागा उरली तरच.

लपलेल्या साखरेकडेही लक्ष द्या. गूळ, मध, खजूर हे ‘नैसर्गिक’ म्हणून चालतील असं बऱ्याच जणी समजतात. तुमच्या आतड्याला ती साखरच आहे. केचप, कफ सिरप, मुलांच्या दुधात घालायची पावडर यांतही ती असते. ‘शुगर फ्री’ मिठाईत कधी सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल घालतात, त्यानेही जुलाब होतात.

आणि खायची भीती बाळगू नका. त्या दिवशी तुमचं चुकलं काही नाही, नवी रचना अंगवळणी पडायला वेळ लागतो. बहुतेकांचा हा त्रास वर्ष-दीड वर्षात बराच कमी होतो. एक मात्र नीट लक्षात ठेवा: ज्या दुखण्याचं खाण्याशी नातं नाही, ते डम्पिंग समजून अंगावर काढू नका. ताप, थांबत नसलेली धडधड, छातीतलं दुखणं, काळी शी, सारख्या उलट्या किंवा पोटात पीळ पडल्यासारख्या तीव्र कळा असतील तर त्याच दिवशी सर्जनना दाखवा. बायपासनंतर आतडं आतल्या आत अडकण्याचा धोका पुढे अनेक वर्षं राहतो.

प्रश्न: माझी स्लीव्ह झाली आहे, बायपास नाही. स्लीव्हमध्ये डम्पिंग होत नाही असं ऐकलं होतं, मग मला आइस्क्रीमने का होतं? (पणजी)

स्लीव्हमध्ये दरवाजा जागेवर राहतो, म्हणून तसं म्हणत असत. पण जठराचा मोठा भाग काढून उरते एक अरुंद नळी. तिच्यातला दाब वाढतो आणि अन्न आधीपेक्षा लवकर पुढे ढकललं जातं. बायपासपेक्षा प्रमाण कमी, तरी स्लीव्हमध्येही डम्पिंग होतं. पथ्य तेच.

प्रश्न: वय ४७, बायपासला दोन वर्षं झाली. ४१ किलो उतरलो, मधुमेह गेला. पण सहा महिन्यांपासून ऑफिसात साडेअकराच्या सुमारास हात थरथरतात, घाम येतो, समोरचं वाचलेलं कळत नाही. सहकारी चॉकलेट किंवा गोड चहा देतात, लगेच बरं वाटतं, पण दुपारी परत तेच. नाश्ता नऊ-साडेनऊला, पोहे आणि चहा. (ठाणे)

तुम्ही वेळ लिहिलीत, बरं झालं. नाश्त्यानंतर दोन तास. हे उशिरा होणारं डम्पिंग वाटतं, म्हणजे रक्तातली साखर उतरणं. ते बहुतेकदा शस्त्रक्रियेनंतर वर्ष उलटून गेल्यावर सुरू होतं, त्यामुळे त्याचा शस्त्रक्रियेशी संबंध असेल असं कुणाच्या डोक्यात येत नाही.

पोहे आणि साखरेचा चहा एकदम आतड्यात उतरले की रक्तातली साखर झपकन वर जाते. आतड्यातून जीएलपी-१ हे संप्रेरक भरपूर सुटतं आणि स्वादुपिंड गरजेपेक्षा जास्त इन्शुलिन सोडतं. तासा-दोन तासांत साखर वापरून संपते, इन्शुलिन अजून काम करत असतं. मग साखर खाली येते. तुम्ही चॉकलेट खाता, साखर पुन्हा वर, पुन्हा इन्शुलिन, पुन्हा खाली. दुपारचा त्रास सकाळच्या चॉकलेटचा असतो. या चक्रात वजनही परत चढू लागतं.

पहिलं काम, ग्लुकोमीटर घ्या. थरथर सुरू होताच हात धुऊन, कारण बोटाला गोड लागलेलं असेल तर आकडा फसवा येतो, साखर मोजा आणि वेळेसकट लिहून ठेवा. ७० च्या खाली सावध व्हायचं. ५४ च्या खालचा आकडा एकदाही आला तर डॉक्टरांना कळवायचंच. साखर खरोखर उतरलेली दिसली तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, म्हणजे साधारण तीन चमचे ग्लुकोज पावडर थोड्या पाण्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. सावरल्यावर मूठभर शेंगदाणे, उकडलेलं अंडं किंवा पनीर खा, नाहीतर दोन तासांनी पुन्हा घसराल.

नाश्ता बदलणं हा खरा उपाय. एका वेळच्या जेवणात कर्बोदकं साधारण ३० ग्रॅमच्या आत ठेवा. मध्यम बशीभर पोह्यांत ती याहून जास्त असतात. मुगाचं धिरडं आणि आत पनीर, दोन अंडी आणि अर्धी भाकरी, मटकीची उसळ, असं काही करा. पोहे अगदीच सुटत नसतील तर चार चमचे पोहे आणि वाटीभर मोड आलेले मूग. चहा बिनसाखरेचा, आणि नाश्त्यानंतर अर्ध्या तासाने.

मधुमेह गेला म्हणता, पण एखादी जुनी गोळी अजून चालू नाही ना? ग्लिमेपिराइडसारखी गोळी सवयीने चालू राहिली तर साखर तिच्यानेच उतरू शकते. आजच औषधांचा डबा तपासून डॉक्टरांशी बोला. आणि स्कूटर किंवा गाडी काढण्याआधी साखर मोजायची. एकदा जरी शुद्ध हरपली असेल, तर तपासण्या होईपर्यंत गाडी चालवू नका.

प्रश्न: आईचं वय ५८, बायपासला वर्ष झालं. ती एकादशी आणि चतुर्थी सोडायला तयार नाही. साबुदाण्याची खिचडी खाल्ली की दुपारभर झोपून असते. (पंढरपूर)

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावालाही नाहीत. आईंना उपास सोडायला सांगू नका. माझ्या अनुभवात तसं सांगितलं की आया गुपचूप उपास करतात. उपासाला चालणाऱ्या दुसऱ्या गोष्टी ताटात आणा: दही, पनीर, शेंगदाण्याची दाट आमटी, राजगिऱ्याची लहान भाकरी. वरी केलीच तर दोन-तीन चमचे आणि वर भरपूर आमटी. उपास सोडताना पुरणपोळी किंवा शिऱ्याने सुरुवात नको, आधी चार घास वरणाचे. निर्जळी उपास मात्र करू देऊ नका, कारण त्यांना एका वेळी फार पाणी पिता येत नाही आणि राहिलेलं पाणी नंतर भरून निघत नाही.

प्रश्न: वय २९, बायपासनंतर २० महिन्यांनी दिवस राहिले. आता २४ वा आठवडा. दवाखान्यात ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पिऊन साखर तपासायला सांगितलंय. मला भीती वाटते. (नाशिक)

भीती रास्त आहे. गरोदरपणातला मधुमेह शोधायला ही तपासणी आपल्याकडे सगळ्यांचीच करतात आणि ती गरजेची आहे. पण बायपास झालेल्या बाईला एवढं ग्लुकोज एकदम दिलं तर जोराचं डम्पिंग होऊ शकतं. शिवाय साखर झपकन चढून उतरत असल्याने निकालही भरवशाचा राहत नाही.

तपासणीला नाही म्हणू नका, दुसरी मागा. शस्त्रक्रियेचा कागद सोबत न्या, कारण पोटावरच्या बारीक खुणा बघून कुणाला बायपास झालंय हे कळत नाही. डॉक्टरांना विचारा की आठवडाभर घरी ग्लुकोमीटरवर साखर मोजली तर चालेल का: सकाळी उपाशीपोटी आणि प्रत्येक जेवणानंतर. उपाशीपोटी ९५ च्या खाली, जेवणानंतर तासाने १४० च्या खाली किंवा दोन तासांनी १२० च्या खाली असावी. ती वही डॉक्टरांना दाखवा. त्याच भेटीत लोह, बी-१२ आणि ड जीवनसत्त्वाच्या तपासण्यांचीही आठवण करा.

प्रश्न: नवरा म्हणतो, डम्पिंग होतं तेच बरं, त्या धाकाने तू गोड खात नाहीस. (अहिल्यानगर)

मला हे अजिबात पटत नाही. डम्पिंग जास्त म्हणजे वजन जास्त उतरतं, असं नाही. उलट घाबरलेली माणसं जेवण टाळून खारी, टोस्ट, चकली असं कोरडं काहीतरी खात राहतात. प्रथिनं कमी पडतात, केस गळतात, वजन चढतं. घरच्यांनी धाक दाखवायचं सोडून हळदीकुंकवाला, लग्नात तुमच्यामागे ‘एकच घे’ म्हणून लागणाऱ्यांना थांबवलं, तर ती खरी मदत होईल.

प्रश्न: सगळं पथ्य पाळूनही साखर उतरतेच. औषध आहे का? (कोल्हापूर)

आहे. आधी जेवणाची वही घेऊन आहारतज्ज्ञाला एकदा पुन्हा भेटा, कारण बरेचदा काहीतरी निसटलेलं असतं. जेवणाआधी थोड्या पाण्यातून इसबगोलाने काहींना फायदा होतो. त्याने भागलं नाही तर डॉक्टर जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची अकार्बोजची गोळी देतात. तिच्याने पिष्टाची साखर हळू होते. सुरुवातीला गॅस होतो, म्हणून डोस कमीपासून वाढवतात. त्यापुढे ऑक्ट्रिओटाइडसारखी इंजेक्शनं आहेत. पुन्हा शस्त्रक्रिया हा अगदी शेवटचा मार्ग.

अकार्बोज सुरू झालं की खिशातली खडीसाखर आणि चॉकलेट काढून टाका. ही गोळी साध्या साखरेचं पचनच अडवते, त्यामुळे साखर उतरलेली असताना चहा-साखरेने वेळेवर काही होत नाही. ग्लुकोजच लागतं. पावडर किंवा गोळ्या खिशात, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आणि उशाशी ठेवा, आणि हे घरातल्या एका माणसाला तरी समजावून सांगा.