थायरॉईड असताना मीठ कमी केलं तर चालेल का? साध्या मिठाऐवजी सैंधव घ्यावं का?

मीठ कमी करा, बिनधास्त. सैंधवाच्या नादी मात्र लागू नका.

थायरॉईडला हवं असतं ते आयोडीन, सोडियम नव्हे. ग्रंथीच्या पेशी सोडियमच्या आधाराने आयोडीन आत ओढतात हे खरं, पण त्यासाठी रक्तातलं सोडियम पुरेसं असतं. ते शरीर स्वतःच सांभाळतं. जास्त खारट खाल्ल्याने थायरॉईड सुधारत नाही, बीपी तेवढं वाढतं.

प्रौढ माणसाला दिवसाला साधारण 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदरपणी 250. आयोडीनयुक्त मिठात ते किमान 15 पीपीएम (दहा लाख भागांत 15 भाग) असतं, म्हणजे 5 ग्रॅममध्ये (सपाट चमचाभर) 75 मायक्रोग्रॅम. बाकीचं दूध, दही, अंडी, मासळी यांतून येतं. सैंधवात नैसर्गिक आयोडीन नगण्य. उपवासाला चालेल, पण रोजच्या आमटीत तेच घालून वर दूध-मासे नसतील, तर आयोडीन कमी पडू शकतं. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात 1956 पासून आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिलं, तेव्हा गलगंड बराच घटला होता.

उलट बाजूही आहे. आपल्याकडे हायपोथायरॉईडिझम (थायरॉईड कमी काम करणं) बऱ्याचदा हाशिमोटोमुळे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती थायरॉईडवरच उलटण्याच्या आजारामुळे असतो; तिथे आयोडीनच्या गोळ्या किंवा केल्प (समुद्री शेवाळ) मनाने घेतल्यास त्रास वाढू शकतो. थायरॉक्सिनची गोळी चालू असेल तर ती मिठामुळे बंद होणार नाही.

मिठातलं आयोडीन टिकावं म्हणून डबा घट्ट झाकून शेगडीपासून लांब ठेवा. आणि हो, मीठ खरंच कमी करायचं असेल तर आधी लोणचं, पापड, फरसाणाकडे बघा. बीपीची किंवा लघवी वाढवणारी गोळी असेल तर डॉक्टरांना विचारूनच.