1981 च्या फ्लॅटमध्ये भिंतीत लाल-काळी वायर आहे, नव्या मिक्सरला तपकिरी-निळी. रंग कधी बदलले? सगळं वायरिंग बदलावं का?

तपकिरी फेज (एल), निळी न्यूट्रल (एन), हिरव्यावर पिवळा पट्टा असलेली अर्थिंग (ई). प्लगच्या आत एल, एन, ई लिहिलेलं असतं, त्याप्रमाणे जोडा. मिक्सरचं काम झालं. पण प्रश्नाच्या खाली तुम्ही लिहिलंय, 'आमचा इलेक्ट्रिशियन म्हणतो रंगाला काही अर्थ नसतो, वायर ती वायर.' हे वाक्य मी आमच्या घरात इतकी वर्षं ऐकत आलेय की आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझे वडील पेठांमधल्या वाड्यांत वायरिंगची कामं करायचे. त्यांची शिडी धरता धरता मी शिकले आणि मग आयटीआय केलं. वाड्यांत सागवानी पट्टी, तिच्यावर क्लिपा आणि त्यात रबराची वायर, वरून सुती वेष्टण. ते रबर जुनं झालं की शिळ्या खारीसारखं व्हायचं. होल्डर बदलायला वायर जरा वाकवली की भुगा हातात आणि तांबं उघडं. पुढे पीव्हीसी आलं. त्याच सुमारास तांबं बाहेरून आणायचं म्हणजे परकीय चलनाची मारामार, म्हणून साठच्या दशकापासून ऐंशीच्या दशकापर्यंत घराघरांत ॲल्युमिनियमची वायर गेली. तुमची इमारत बरोबर त्या काळातली. तेव्हा रंग राहू द्या, आधी मेन बंद करून स्विचच्या स्क्रूखाली धातू कोणता आहे ते बघा. पांढुरकी तार असेल तर ॲल्युमिनियम. ते स्क्रूखाली हळूहळू दबतं, वर ऑक्साइडचा थर धरतं, जोड सैल होतो आणि तापतो. पंधरा अँपिअरच्या सॉकेटभोवती बोर्ड पिवळा-काळा पडलाय का? पडला असेल तर त्या लाइनीला मुहूर्त बघू नका.

आता रंग. आपल्याकडे भिंतीत लाल, पिवळा, निळा या तीन फेज, काळा न्यूट्रल, हिरवा किंवा हिरवा-पिवळा अर्थिंग, हीच रीत अजून चालू आहे. बदल झाला तो उपकरणांच्या केबलमध्ये. तिथे जगात बऱ्याच ठिकाणी चालणारे तपकिरी-निळे रंग आले. इंग्लंडमध्येही पूर्वी आपल्यासारखंच लाल-काळं होतं. 2004 मध्ये त्यांनी भिंतीतल्या वायरलाही तपकिरी-निळा रंग घेतला आणि एप्रिल 2006 पासून तो सक्तीचा केला. जर्मनीत तर एके काळी लाल वायर चक्क अर्थिंगची असायची. हिरव्यावर पिवळा पट्टा आला, कारण लाल-हिरव्यातला फरक न कळणारे पुरुष बरेच असतात आणि फेज-अर्थिंगमध्ये ती गफलत परवडत नाही. गोम निळ्यात आहे: भिंतीत ती फेज असू शकते, मिक्सरमध्ये न्यूट्रल.

आता आमच्या मोठ्या दिरांची गोष्ट. सासूबाईंच्या फ्लॅटचं काम त्यांनी अंगावर घेतलं. ओळखीच्या साइटवरून उरलेली बंडलं आणली, निळी आणि हिरवी. मी म्हटलं, भाऊजी, लाल-काळी आणूया. तर म्हणाले, 'वीज काय रंग बघून धावते का गं?' वायरमन त्यांच्याच साइटवरचा, तो कशाला बोलेल? बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनची हाफ वायर, म्हणजे स्विचपासून पंख्यापर्यंतची, त्याने हिरव्यातून ओढली.

पुढे गीझर बदलला. बसवायला आलेल्या मुलाने बोर्ड उघडला, हिरवी वायर दिसली, त्याने गीझरचं अर्थिंग तिला पिळलं. त्याचं काय चुकलं? तो शिकला तसंच वागला. मग सासूबाई सांगायला लागल्या, नळाला हात लावला की मुंग्या येतात. वयामुळे होत असेल, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मी जाऊन टेस्टर लावला, काही नाही. निघता निघता त्या म्हणाल्या, 'रोज नाही गं होत, पंखा लावला की होतं.' पंखा लावून बोर्ड उघडला आणि मीटर धरला, तर त्या हिरव्या वायरीवर पुरते 230 व्होल्ट. म्हणजे पंखा चालू केला की गीझरची टाकी लाइव्ह. पाइप प्लास्टिकचे, म्हणून पाण्यातून येईल तेवढाच करंट नळापर्यंत येत होता. एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच, ती पडली नाही आणि पडणारही नव्हती. तिला अँपिअर लागतात, माणसाला मिलिअँपिअर पुरतात.

भाऊजींचं उत्तर काय असावं? 'त्या पोराने टेस्टर लावून बघायला हवं होतं.' अहो, पंखा बंद असताना ती वायर मेलेलीच असणार, टेस्टर पेटणार कसा? हे मी त्यांना गणपतीत सांगितलं, दिवाळीत सांगितलं, पटलेलं नाही. बोर्ड पुढे जो कोणी उघडेल त्याच्यासाठी रंग असतो. तो वायर ओढणारा माणूस तोवर फोनही उचलत नसतो. तुमच्या इलेक्ट्रिशियनला हे वाचून दाखवा. तरी 'वायर ती वायर' म्हणाला तर दुसरा शोधा.

सगळं बदलायचं का? ॲल्युमिनियम असेल तर माझ्या मते हो. एकदम झेपत नसेल तर आधी गीझर, एसी आणि स्वयंपाकघर. दिव्यांना दीड, सॉकेटला अडीच, गीझर-एसीला चार स्क्वेअर एमएमचं तांबं, आणि प्रत्येक सॉकेटला खरं अर्थिंग. सोबत 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी लावा, म्हणजे करंट बाहेर गळला की लाइन तोडणारा स्विच. सासूबाईंच्या नळातून यायचा तेवढ्या थोड्या करंटला ती पडेलच असं नाही, पण तिच्याशिवाय राहू नका.

आणि हो, हे आधी लिहायला हवं होतं: जुन्या घरात लाल म्हणजे फेजच, असं धरून चालू नका. मधे कोणी काय केलंय सांगता येत नाही, न्यूट्रलवर स्विच टाकलेलाही मी पाहिलाय. परवानाधारक माणसाकडून मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावून घ्या. मीटरच्या सीलला तर कोणीच हात लावायचा नाही.

खर्चाचं म्हणाल, तर एकाच कंपनीच्या, एकाच जाडीच्या 90 मीटरच्या बंडलाला लाल काय, काळं काय, भाव तोच. पुण्यात तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात विचारा. भाऊजी, तुम्हीसुद्धा.