कीलखाली किती पाणी?

प्रश्न: आम्ही तिघा मित्रांनी मिळून 1986 ची, 26 फुटी फायबरग्लासची शिडाची बोट घेतली आहे. एरवी ती मुंबई बंदरात मूरिंगवर (पाण्यात नांगरलेल्या तरंडाला बांधून) असते, पावसाळ्यात किनाऱ्यावर घेतो. पाण्याच्या खोलीच्या डिस्प्लेवर नुसत्या रेघा येतात, वेगाचा काटा शून्यावरून हलत नाही. डिस्प्ले नवे घेऊन जुने सेन्सर तसेच ठेवले तर चालेल का? की वेग मोबाइलच्या जीपीएसवर कळतोच, म्हणून फक्त खोलीचं यंत्र घ्यावं?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर: डिस्प्लेची ऑर्डर दिली नसेल तर थांबा. डोळ्यांसमोर डिस्प्ले असतो म्हणून दोष त्याच्यावर जातो. जुन्या बोटींवर मी केलेल्या कामांत बिघाड बहुतेक वेळा पाण्याखाली निघाला आहे.

आधी वेगाचा सेन्सर बाहेर काढून बघा. बोट पाण्यात असेल तर झाकणाचं बूच दुसऱ्या हातात तयार ठेवा. सेन्सर निघताच क्षणात बादलीभर पाणी आत येतं. त्याच्या टोकाला सुपारीएवढं चक्र असतं आणि पंखांत बारीक लोहचुंबक. आपल्या बंदराच्या पाण्यात दोन-तीन आठवडे बोट उभी राहिली की त्यावर शेवाळ आणि बार्नेकल (घट्ट चिकटणारे कवचाचे समुद्री जीव) धरतात. जुना टूथब्रश आणि पाण्यात मिसळलेलं थोडं व्हिनेगर घेऊन चक्र साफ करा, आस वाकलेला नाही ना ते बघा. मग डिस्प्ले चालू ठेवून बोटाने चक्र फिरवा. काटा हलला तर यंत्र जिवंत आहे आणि तुमचे बरेच पैसे वाचले.

खोलीच्या सेन्सरची परीक्षा कानाने होते. बोट किनाऱ्यावर असताना यंत्र चालू करून सेन्सरच्या तोंडाशी कान न्या. बारीक टक-टक ऐकू आली तर ध्वनी निघतो आहे. मग तोंडावरचा रंगाचा थर आणि चिकटलेली घाण हलक्या हाताने काढून पाण्यात पुन्हा बघा. अजिबात आवाज नसेल तर केबल, सेन्सर किंवा डिस्प्ले, तिघांपैकी कोणीतरी गेलं आहे.

आता जुन्या सेन्सरला नवा डिस्प्ले. वेगाच्या बाबतीत कधीकधी जमतं, कारण ते शेवटी चक्राचे ठोके मोजणं आहे. खोलीच्या बाबतीत मी सहसा नाही म्हणतो. तो सेन्सर ठरावीक कंपनसंख्येवर, ठरावीक यंत्रासाठी बनवलेला असतो. त्याची केबल कापून दुसरी जोडण्याच्या फंदातही पडू नका.

बदलायचंच ठरलं तर खोली, वेग आणि पाण्याचं तापमान एकत्र मोजणारा एकच सेन्सर घ्या. असे बरेच सेन्सर 51 मिलिमीटरच्या छिद्रात बसतात, त्यामुळे आधी जुनं छिद्र व्हर्नियरने मोजा. त्याच छिद्राच्या कडेवरून तळाची भिंतही दिसते: सगळी फायबरग्लास आहे की मधे बाल्सा लाकूड किंवा फोम. खोलीपुरता सेन्सर आतून तळाला चिकटवता येतो, पण तो सलग फायबरग्लासमधूनच नीट ऐकतो. चिकटवण्याआधी पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत धरून तो तळावर टेकवा आणि आकडा येतो का बघा. मोकळं राहिलेलं छिद्र बुजवायचं असेल तर भिंतीच्या जाडीच्या बारापट उतार द्या. 10 मिलिमीटर भिंतीला चारही बाजूंनी 120 मिलिमीटर. हे इपॉक्सीचं काम मे महिन्यात उरका. जूनच्या दमट हवेत थरावर चिकट साय धरते आणि वरचा थर धड पकडत नाही.

वायर तापकीर गल्लीतून आणाल तर घरगुती तांब्याची नको, कल्हई केलेली मागा. साधं तांबं खाऱ्या हवेत इन्सुलेशनच्या आतपर्यंत काळं पडत जातं. नवी यंत्रं एनएमईए 2000 च्या (बोटीवरची यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या) तारेवर जोडणार असाल, तर दोन्ही टोकांना 120 ओहमचे टर्मिनेटर, म्हणजे टोकाला लावायचे रोधक, हवेत. वीज बंद करून मल्टीमीटर लावा, 60 च्या आसपास आकडा आला पाहिजे. 120 आला तर एक टर्मिनेटर राहिला आहे.

जीपीएसचं म्हणाल, तर ते जमिनीवरचा वेग सांगतं. तुम्ही पाण्यातून 4 नॉटने (ताशी 4 सागरी मैल) चालला आहात आणि समोरून 2 नॉटची ओहोटी आहे, तर मोबाइल 2 दाखवेल. शीड ताणलं, सैल सोडलं, त्याने बोट पळाली की मंदावली हे पाण्यातला वेगच सांगतो. दोन्ही आकडे शेजारी असले की प्रवाहही कळतो. म्हणून दोन्ही ठेवा, असंच माझं मत आहे. चक्राचा हिशोब लावायला त्याच मार्गावर जा आणि लगेच परत या. जीपीएस एका दिशेला 5.8 आणि दुसऱ्या दिशेला 3.8 दाखवत असेल तर सरासरी 4.8. यंत्र दोन्हीकडे 4.5 दाखवत असेल तर त्याला सुमारे 7 टक्के वाढवा.

खोलीचा शून्य कुठे धरला आहे, हे मात्र पहिल्याच दिवशी तपासा. एका बोटीवर मी डिस्प्लेवर 1.8 मीटर पाहून निर्धास्त होतो. कीलखाली, म्हणजे बोटीच्या तळाच्या सर्वांत खालच्या भागाखाली, तेवढं पाणी आहे असं मी धरलं होतं. आधीच्या माणसाने आकडा पृष्ठभागापासून लावला होता आणि बोट दीड मीटर बुडते. उरलं फूटभर पाणी, वर ओहोटी. बोट गाळात बसली आणि भरती येऊन ती उचलेपर्यंत आम्ही कलत्या डेकवर रात्र काढली. मुंबईला उधाणाच्या दिवसांत पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं, त्यामुळे ही चूक भांगापेक्षा (भरती-ओहोटी कमी असते त्या दिवसांपेक्षा) उधाणात फार महागात पडते. तेव्हापासून मी कोळ्यांसारखी, शिशाचं वजन बांधलेली दोरी जवळ ठेवतो आणि यंत्राचा आकडा तिच्याशी ताडून बघतो. कठीण तळावरच ताडा. गाळात शिसं रुततं आणि माप जास्त येतं. मग डिस्प्लेशेजारी टेप लावून ‘कीलपासून’ किंवा ‘पृष्ठभागापासून’ असं मराठीत लिहून ठेवा, म्हणजे तिघांपैकी कोणीही सुकाणूवर असला तरी घोळ होणार नाही.

सेन्सर काढलात की छिद्राचा व्यास, भिंतीची जाडी आणि टक-टक ऐकू आली की नाही, एवढं कळवा. डिस्प्ले कुठला घ्यायचा ते त्यानंतर सांगतो.