याकोब गेला, बर्जिल्लय थांबला

वडिलांना जाऊन वर्ष झाले, आई एकटी आहे, आम्ही दोघेही भावंडे परदेशात आहोत आणि ती काही केल्या इकडे यायला तयार नाही. तेव्हा ‘आईबापांचा मान राख’ ही आज्ञा आम्ही मोडत आहोत का, असे एका वाचक भगिनीने विचारले आहे. या प्रश्नामागची टोचणी दूरदेशी राहणाऱ्या बहुतेक ख्रिस्ती लेकरांच्या ओळखीची आहे, आणि रात्री प्रार्थनेला बसले की ती अधिकच जाणवते.

भगिनी, पवित्र शास्त्रातील शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा 19वा अध्याय सावकाश वाचा. बर्जिल्लय हा 80 वर्षांचा गृहस्थ. दावीद राजा परागंदा असताना याने त्याला अन्न पुरवले होते, म्हणून यरुशलेमेस परत जाताना राजा त्याला म्हणतो, माझ्याबरोबर चल, मी तुझा सांभाळ करीन. म्हातारा अदबीने नाही म्हणतो. अन्नाची चव कळत नाही, गाणाऱ्यांचा आवाज ऐकू येत नाही, राजाला आपला भार कशाला, आणि मरण यावे ते आईबापांच्या कबरेजवळ, अशी त्याची कारणे आहेत, आणि त्यांतले एकही दावीदावरच्या रागातून आलेले नाही. दावीद वाद घालत नाही. तो त्याचे चुंबन घेतो, त्याला आशीर्वाद देतो आणि त्याने आपल्याऐवजी पुढे केलेल्या किम्हामाला बरोबर नेतो. आपल्या आईचा नकार असाच ऐकता येईल का, हे तुम्हा भावंडांनी मनाशी पाहावे. तो तुमच्या प्रेमाला दिलेला नकार नाही.

मात्र आई तिथे थांबली म्हणून आपण मोकळे झालो, असा अर्थ कोणी काढू नये. जे देवाचे नाव पुढे करून आईबापांची मदत टाळत होते त्यांना प्रभूने किती स्पष्ट सुनावले, ते मार्काच्या 7व्या अध्यायात आहे. पण तोच प्रभू वधस्तंभावरून आपल्या आईला जवळ उभ्या असलेल्या शिष्याच्या हाती सोपवतो. आपल्याला जवळ राहता येत नसेल, तर जवळच्या विश्वासू माणसावर आई सोपवणे म्हणजे तिला टाकणे नव्हे, हे मला या प्रसंगातून उमगले. ते सोपवणे मोघम नसावे. घराची किल्ली कोणाकडे, औषधांची यादी कुठे, रात्री-अपरात्री कोणाला उठवायचे, आणि आईला बोलता येईनासे झाले तर उपचारांचा निर्णय कोणी घ्यायचा, हे तिची बुद्धी शाबूत असतानाच, तिच्या समोर बसून, लिहून ठेवावे. कागद कायद्याने टिकावा म्हणून तिथल्या वकिलाला दाखवावा.

आता दुसरा म्हातारा. याकोब 130 वर्षांचा असताना आपला मुलगा योसेफ याच्याकडे मिसर (इजिप्त) देशी निघाला, आणि वाटेत बैरशेबा येथे थांबून त्याने देवाला यज्ञ केले. देव त्याला म्हणाला, भिऊ नको. आणि योसेफाचा हात तुझे डोळे मिटवील असे वचनही दिले. म्हातारपणी देश सोडणाऱ्याला भीती वाटते हे देवाला आधीच ठाऊक होते. मग ती आपण का नाकारावी? याकोब तिथे 17 वर्षे जगला, आणि त्या काळातले त्याचे मोठे काम म्हणजे परदेशात जन्मलेल्या दोन नातवंडांना जवळ घेऊन दिलेला आशीर्वाद. दृष्टी मंदावली होती, तरी कोणाच्या डोक्यावर कोणता हात ठेवायचा हे त्याचे त्याने ठरवले. योसेफाने हात सरकवू पाहिला तेव्हा त्याने ऐकले नाही.

माझ्या सासूबाई आमच्याकडे आल्या तेव्हा पहिले काही महिने मी त्यांची चहापाण्याची, औषधांची सोय चोख ठेवली आणि एवढ्यावर समाधान मानले. एका रविवारी उपासनेत पाहिले, तर मांडीवरच्या मराठी पवित्र शास्त्राची पाने त्या घाईघाईने उलटत होत्या. त्यांना उतारा सापडेपर्यंत उपदेश निम्म्यावर आला होता, मग त्यांनी पुस्तक मिटले आणि चष्मा काढून ठेवला. त्या दिवसापासून शनिवारी रात्री उतारा विचारून त्यात खूण घालून ठेवण्याचे काम माझ्या मुलाकडे आले, आणि रात्रीची प्रार्थना आजींकडे, मराठीत. मुलाला अर्धी कळते, पण तिच्यात त्याचे नाव येते तेव्हा तो डोळे उघडून आजीकडे पाहतो. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची पुढे शिकलेली भाषा अनेकदा आधी हरपते आणि बालपणीची मागे उरते, म्हणूनही घरात मातृभाषेतली प्रार्थना आणि गीते चालू ठेवावीत.

दफन कुठे व्हावे हा विषय घरोघरी टाळला जातो. याकोबाने तो स्वतःच काढला, योसेफाकडून शपथ घेतली, आणि योसेफाने ‘असे अभद्र बोलू नका’ म्हणून त्याला गप्प केले नाही. पुनरुत्थानावर विश्वास असलेल्या घरात हे बोलणे जड जाऊ नये, तरी जाते. पहिल्या खेपेस पुरे झाले नाही तर पुन्हा काढावे.

भगिनी, पुढच्या फोनवर आईला ‘कधी येतेस’ असे विचारू नका. ‘तिथेच राहायचे तर माझ्याकडून तुला काय हवे’ असे विचारा. ती ‘काही नको’ म्हणेल. तेव्हा लगेच फोन ठेवू नका, थोडा वेळ थांबा.