प्रेम वाटत नसताना सेवा करीत राहणे हे ढोंग आहे का?

तुम्ही लिहिले आहे की, गेली तीन वर्षे तुम्ही चर्चच्या मंडळीच्या वतीने आजारी आणि एकाकी माणसांच्या भेटीला जाता. इतरांवर प्रेम करण्यासाठी आणि त्यांची सेवा करण्यासाठी ख्रिस्ताने आपल्याला पाचारण केले आहे, अशी तुमची खात्री होती. परंतु अलीकडे मन कोरडे पडले आहे, भेटीचा दिवस जवळ आला की जीवावर येते, आणि म्हणून ते पाचारण मुळात खरे होते का, व प्रेम वाटत नसताना सेवा करणे हे ढोंग नव्हे का, असे तुम्ही विचारता. मी पाळक नाही, ईशज्ञानाचा अभ्यासकही नाही. मंडळीचा एक साधा सभासद म्हणून मी याच कोरडेपणातून गेलो आहे, तेवढ्याच आधारावर हे उत्तर लिहीत आहे.

पाचारण हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो आणि त्यातून बराच घोटाळा होतो. एखाद्याला पाळकपणासाठी किंवा विशिष्ट कामासाठी होणारे पाचारण वेगळे. ते पारखून घ्यावे लागते, मंडळीने त्याची खात्री करून घ्यावी लागते, आणि ते चुकीचेही ठरू शकते. परंतु प्रीती करण्याचे पाचारण वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांना दिले ते आज्ञेच्या रूपाने दिले, आणि त्यासाठी कोणाला स्वप्न पडण्याची किंवा वाणी ऐकू येण्याची वाट पाहावी लागत नाही. त्यामुळे 'मला खरेच बोलावले होते का' या शंकेने तुम्ही स्वतःला छळू नये, असे मला मनापासून वाटते. याच प्रकारची सेवा, याच गटातून, इतक्याच वेळा करावी का, हा प्रश्न मात्र खुला आहे आणि त्याकडे मी पुढे येतो.

आता ढोंगाविषयी. 'आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' ही आज्ञा येशूने नव्याने घडवलेली नव्हती. ती जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या 19व्या अध्यायातून आली आहे, आणि तिथे तिच्या आजूबाजूला काय आहे ते एकदा सावकाश वाचून पाहावे. शेताच्या कडेचे पीक कापू नये, गळालेले दाणे गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्यावेत. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नयेत आणि आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये. सूड उगवू नये. प्रीतीची आज्ञा या अगदी रोजच्या व्यवहाराच्या सूचनांमध्ये बसलेली आहे. मनाविषयी तिथे जे सांगितले आहे तेही द्वेष करू नये, दावा धरू नये इतकेच. उमाळा दाटून आल्याखेरीज मजुरी देऊ नये, असे तिथे कुठेही म्हटलेले नाही. ज्याने मजुराचे पैसे त्याच दिवशी दिले, त्याने त्या मजुरावर प्रीती केली. येशूने ज्यांना ढोंगी म्हटले ते लोक दानधर्म करताना पुढे कर्णा वाजवणारे, म्हणजे लोकांनी वाहवा करावी म्हणून देणारे होते. कोरड्या मनाने पण गुपचूप देणाऱ्याला त्याने तो शब्द लावलेला नाही.

लुटल्या गेलेल्या जखमी माणसाला वाटेत मदत करणाऱ्या शोमरोन्याचा दाखला येशूने सांगितला, त्यात त्या शोमरोन्याला कळवळा आला होता, हे खरे आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. पण ज्या शास्त्र्याला येशूने तो दाखला सांगितला, त्याला शेवटी 'जा आणि तूही तसेच कर' एवढेच सांगितले. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर रोमी साम्राज्यात भयंकर साथ पसरली, तेव्हा आलेक्झांड्रियाचा बिशप दियोनिसियस याने एका पत्रात लिहून ठेवले की, मंडळीतील अनेकांनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली आणि ती करता करता त्यांतले कित्येक स्वतः मरण पावले. त्या माणसांच्या मनात त्या वेळी माया होती, भीती होती, की नुसता थकवा होता, हे आज कोणालाही सांगता येणार नाही. त्यांनी आजाऱ्यांची काळजी घेतली आणि प्रेते पुरली, तेवढे मात्र आपल्यापर्यंत आले आहे.

तरीही येथेच थांबलो तर उत्तर अर्धवट राहील, कारण प्रेषित पौलानेच लिहिले आहे की, मी आपले सर्व धन अन्नदानासाठी दिले पण माझ्या ठायी प्रीती नसली तर मला काही लाभ नाही. म्हणजे कृती पुरेशी आहे, मनाचे काय ते बघू, असे म्हणून सुटका होत नाही. मग ती प्रीती आणायची कुठून?

माझ्या मते याचे उत्तर योहानाच्या शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायात आहे, आणि ते वाचताना आपली नजर चुकीच्या ठिकाणी जाते. आपण कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुणाऱ्या येशूकडे पाहतो आणि म्हणतो, आपणही असेच व्हायचे. त्या शिष्यांपैकी पेत्राकडे आपण क्वचितच पाहतो. पेत्र पाय मागे घेतो. त्याचा नकार आदरातून आलेला आहे, गुरूने आपल्यापुढे वाकावे हे त्याला सहन होत नाही; पण येशू त्या नम्रतेचे कौतुक करीत नाही. मी तुला धुतले नाही तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही, असे तो त्याला स्पष्ट सांगतो. त्या रात्रीचा क्रम लक्षात घ्यावा: आधी शिष्यांचे पाय धुतले गेले, मग एकमेकांचे पाय धुण्याविषयी सांगितले गेले, आणि त्यानंतर 'जशी मी तुमच्यावर प्रीती केली तशी' ही आज्ञा आली. ज्याने स्वतःवरची प्रीती स्वीकारलेलीच नाही, त्याला या 'जशी'चा अर्थ कळणार कसा? आणखी एक गोष्ट मला दरवेळी थांबवते, ती म्हणजे पाय धुतले गेले तेव्हा येशूला धरून देणारा यहूदा अजून त्याच खोलीत होता.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी माझ्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली आणि सहा आठवडे मला अंथरुणातून उठण्याची मनाई होती. त्याआधी सात-आठ वर्षे मी आजाऱ्यांना भेटणाऱ्या गटात होतो, आणि आपण देणाऱ्यांपैकी आहोत ही समजूत माझ्यात इतकी मुरली होती की ती समजूत आहे हेही मला उमगत नव्हते. शुभवर्तमानसुद्धा मी भेटीत दुसऱ्याला काय ऐकवता येईल ते शोधण्यासाठी वाचत असे. त्या आजारपणात मंडळीतील एक गृहस्थ रोज सकाळी येऊन माझे अंग पुसून देत. एका जुन्या हिशेबावरून त्यांच्याशी माझे बिनसले होते आणि चूक बहुतांशी माझीच होती. सुरुवातीचे काही दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडून राहत असे. त्यांचे उपकार मला टोचत होते. एके दिवशी त्यांनी फडका पिळता पिळता 'पाणी फार गरम नाही ना?' असे विचारले आणि मला रडू आवरेना. ते काही बोलले नाहीत, हातातले काम करीत राहिले. पेत्राने पाय मागे का घेतले ते मला त्या सकाळी कळले.

म्हणून तुम्हाला माझी विनंती अशी आहे की, आपल्या कोरडेपणाविषयी मंडळीतल्या एका तरी विश्वासू माणसाला सांगा, आणि त्याने तुमच्यासाठी काही करू म्हटले, तर ते नाकारू नका. काही आठवडे भेटी बंद ठेवाव्या लागल्या तरी त्यात अपराध नाही. कफर्णहूमात सगळे लोक येशूला शोधत होते तेव्हा तो पहाटे उठून एकांतात प्रार्थनेला गेला होता, आणि शिष्य बोलवायला आल्यावर तो परत न फिरता पुढच्या गावांकडे निघाला. शोमरोन्यानेसुद्धा दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार, म्हणजे साधारण दोन दिवसांची मजुरी दिली, जखमी माणूस त्याच्या हवाली केला आणि तो आपल्या वाटेने गेला. ज्या भेटींत तुमचा अपमान होतो किंवा कोणी तुम्हाला राबवून घेते, तिथेही सोसत राहणे म्हणजेच प्रीती असे समजू नका. महायाजकापुढे एका शिपायाने चपराक मारली तेव्हा येशूने त्याला 'मला का मारतोस?' असे विचारले होते.

मी बरा झाल्यावर पुन्हा भेटींना जाऊ लागलो, पण एक सवय बदलली. बार्तिमयाचे आंधळेपण समोर दिसत असतानाही येशूने त्याला 'मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे?' असे विचारले होते, तसे मीही आता आधी विचारतो. पहिल्याच भेटीत एका वृद्ध गृहस्थांना मी तसे विचारले, तेव्हा त्यांनी वाचन मागितले नाही की प्रार्थना मागितली नाही. चष्म्याच्या काचा फार दिवस कोणी पुसल्या नाहीत, तेवढ्या पुसून द्या, असे ते म्हणाले. मी त्या पुसल्या, चष्मा त्यांच्या हातात दिला, आणि मग बराच वेळ आम्ही दोघे काही न बोलता बसून राहिलो.