बसरा, कुत आणि फडताळातला बिल्ला

पहिल्या महायुद्धातल्या मेसोपोटेमियाच्या मोहिमेबद्दल, म्हणजे आजच्या इराकबद्दल, तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. म्हणून या वेळी उत्तरे एकत्रच देतो.

प्रश्न : आमचे पणजोबा ‘बसऱ्याच्या लढाईत’ होते, असे घरात सांगतात. ही लढाई कोणती?

बसरा हे उतरण्याचे बंदर. 22 नोव्हेंबर 1914 ला ते इंग्रजांच्या हाती आले आणि पुढे बहुतेक पलटणी तिथेच बोटीतून उतरल्या. त्यामुळे घरोघरी सगळ्या मोहिमेलाच ‘बसरा’ म्हणू लागले. पलटणीचा क्रमांक शोधा, मग लढाई सांगता येईल.

प्रश्न : मोहिमेला कलाटणी टायग्रिस नदीकाठच्या कुत शहराच्या वेढ्याने मिळाली ना?

नाही, त्याआधी टेसिफॉनला. 22 नोव्हेंबर 1915 ला इंग्रज जनरल टाउनशेंडची सहावी (पुणे) डिव्हिजन बगदादच्या अलीकडे तुर्कांना भिडली. पहिली फळी तिने घेतली, पण साडेचार हजारांच्या आसपास माणसे मेली किंवा जखमी झाली. मागे राखीव फौज नव्हती. जखमींना बिनस्प्रिंगच्या खेचरगाड्यांतून नदीपर्यंत नेले. फौज मागे फिरून 3 डिसेंबरला कुतला पोहोचली आणि काही दिवसांतच वेढली गेली. सोडवायला आलेली फौज हन्ना, दुजैला, सन्नायत इथे अडली. 29 एप्रिल 1916 ला सुमारे 13 हजार जण कैद झाले. त्यांत 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. पुढे इंग्रज जनरल मॉडने आधी बोटी, रेल्वे आणि रसद उभी केली, तेव्हा कुठे 11 मार्च 1917 ला बगदाद पडले.

प्रश्न : आपल्या शिपायांनी घोड्याचे मांस नाकारले म्हणून कुत पडले, असा मेसेज आलाय. खरे आहे?

खोटे आहे. बऱ्याच जणांनी सुरुवातीला नाकारले, धर्मगुरूंची संमती तारेने आल्यावर अनेकांनी खाल्ले. कुत पडले ते बाहेरची फौज पोहोचली नाही आणि आतले धान्य संपले म्हणून. तो मेसेज पुढे पाठवू नका.

प्रश्न : पणजोबांचा चांदीचा बिल्ला (युद्धपदक) काळा पडलाय. चिंचेने घासू का? एक व्यापारी म्हणतो, त्यावर ‘कुत’ या लढाईच्या नावाची पट्टी बसवून देतो, किंमत वाढेल.

घासू नका. बिल्ला हातात घ्या आणि उजेडात त्याची कड फिरवून बघा. तिथे बारीक ठशांनी क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण उठवलेली असते. ही अक्षरे फार उथळ असतात. दर दसऱ्याला चिंच आणि राख लावून लखलखीत केलेला एक बिल्ला माझ्याकडे आला होता. जॉर्ज बादशहाचा चेहरा दिसत होता, पण कडेवर भिंगातून ‘110’ एवढेच लागले. त्या घरात दुसरा एकही कागद नव्हता. माणूस तिथेच पुसला गेला.

पट्टीचे म्हणाल तर ती शुद्ध फसवणूक आहे. या पदकासाठी, म्हणजे ब्रिटिश वॉर मेडलसाठी, लढायांच्या पट्ट्या काढायचे सैन्याने ठरवले होते, पण त्या कधी दिल्याच नाहीत. खऱ्या बिल्ल्याला खोटी पट्टी जोडली की खराही संशयात येतो. 1915 संपण्याआधी ते तिथे असतील, तर सोबत 1914-15 चा कांस्याचा तारा असायला हवा. त्याच्या पाठीवरही नाव असते. तो शोधा.

‘दिवाळीला सगळे जमले की बघू’ असे करू नका, तोवर वाळवी पेन्शनबुक संपवते. आजच कडेचे आणि कागदांचे फोटो काढा. ते घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, किंवा बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटरला लिहा. जाणकाराला दाखवल्याशिवाय पुसू नका, विकू तर नकाच.

प्रश्न : आमचे पणजोबा परत आलेच नाहीत. बसऱ्याच्या स्मारकावर नाव असेल का?

साधे शिपाई असतील, तर नाही. तिथे इंग्रजांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली, हिंदी शिपायांची नुसती संख्या. नावे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत शोधावी लागतात. इंग्रज कारकुनाने मराठी नाव कसे लिहिले असेल याचा नेम नाही, म्हणून सोबत शिपायाचा क्रमांकही ताडून पाहा. तो बिल्ल्याच्या कडेवर असतो.