छोटी रेल्वे, वाचकांचे प्रश्न : रूळ सोडणारे डबे आणि टकटकणारे इंजिन

या वेळचे प्रश्न कोल्हापूर आणि आसपासच्या वाचकांचे आहेत. एक शब्द आधी स्पष्ट करतो. बोलताना आपण अख्ख्या डब्याला ‘बोगी’ म्हणतो. खालच्या उत्तरांत मात्र बोगी म्हणजे डब्याखाली फिरणारी चाकांची चौकट.

प्रश्न : महालक्ष्मी एक्स्प्रेसचे मॉडेल करायचे आहे. एचओ आणि ओओ दोन्ही एकाच रुळावर चालतात म्हणे. मग कोणते घ्यावे? (एक वाचक, शाहूपुरी)

रूळ एकच, 16.5 मिमीचा, हे खरे. पण एचओ म्हणजे खऱ्या गाडीशी 1:87 हे प्रमाण आणि ओओ म्हणजे 1:76. ब्रिटनमधली इंजिने मुळात आकाराने लहान. सुरुवातीच्या काळातली मोटर 1:87 च्या सांगाड्यात मावेना, म्हणून तिथल्या मॉडेलकारांनी वरचे शरीर मोठे केले आणि रूळ तोच ठेवला, तेच ओओ. आपल्या आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या बनावटीच्या) डब्याची लांबी 21,337 मिमी आहे. ती एचओमध्ये 245 मिमी येते आणि ओओमध्ये 280. हे दोन डबे शेजारी उभे केले की विजोडपणा लांबूनही दिसतो. एकदा ठरवले की सगळी गाडी त्याच प्रमाणात करा.

आमची पसंती एचओला आहे आणि कारण जागेचे आहे. इंजिन आणि सहा डबे एचओमध्ये पावणेदोन मीटरच्या आत बसतात. एक उणीव मात्र स्वीकारावी लागेल. आपले ब्रॉडगेज 1676 मिमी, म्हणजे 1:87 मध्ये 19.3 मिमी. 16.5 च्या रुळावर गाडी समोरून पाहिली तर चाके आत गेलेली दिसतात. बाजूने पाहताना काही कळत नाही. 19.3 चा रूळ स्वतः टाकणारे लोक आहेत, पण मग प्रत्येक आस (दोन चाकांना जोडणारा दांडा) नव्याने करावा लागतो आणि प्रत्येक सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा) हाताने बांधावा लागतो. पहिल्या मांडणीसाठी तो मार्ग धरू नका.

कोल्हापूरकरांसाठी आणखी एक वाट आहे. संस्थानाने बांधलेला मिरज–कोल्हापूर मार्ग 1891 मध्ये सुरू झाला तो मीटरगेजवर. 1:87 मध्ये मीटरगेज होते 11.5 मिमी, आणि 12 मिमीचा रूळ तयार मिळतो. जुनी कोल्हापूर गाडी केली तर रुळाचे प्रमाण ब्रॉडगेजपेक्षा कितीतरी अचूक साधते.

प्रश्न : किटवरून पाच आयसीएफ डबे बांधले. ओढताना ठीक चालतात, पण इंजिन मागून ढकलू लागले की वळणावर तिसरा किंवा चौथा डबा रूळ सोडतो. वळणाची त्रिज्या 457 मिमी आहे. (एक वाचक, राजारामपुरी)

दोष एकाच ठिकाणी नसेल. पुढे दिलेल्या क्रमानेच तपासा. क्रम सोडला तर एकाचे खापर दुसऱ्यावर फुटते.

आधी चाके. दोन चाकांच्या आतल्या पाठींमधले अंतर व्हर्नियरने मोजा. ते 14.4 ते 14.5 मिमी हवे. किटमधल्या प्लॅस्टिक आसाच्या चाकांत ते 14 पर्यंत घसरलेले असते आणि सांध्यावर चाक चुकीच्या बाजूला चढते. पिळत पिळत ओढून सारखे करा आणि आस फिरवून तीन जागी पुन्हा मोजा. तिन्ही मापे वेगळी आली तर चाक डगमगते आहे, ते बदलाच.

मग आसाची लांबी. ब्रिटिश चाकांचा आस साधारण 26 मिमी असतो, युरोपियन चाकांचा 24 ते 25. बोगी एका किटची आणि चाके दुसऱ्या पाकिटातली असली की आस एक तर आवळून बसतो, नाही तर सैल लोंबतो. आवळत असेल तर टोकाच्या खड्ड्यात 2 मिमीची पितळी वाटी बसवण्याइतके हाताच्या ड्रिलने कोरा. सैल असेल तर त्या बोगीला योग्य लांबीची चाके आणण्यावाचून इलाज नाही. एक मीटर रुळाचे एक टोक दोन सेंटिमीटर उचलले की डबा आपण होऊन घरंगळला पाहिजे.

तिसरी गोष्ट बोगीची. दोन्ही बोग्यांचे स्क्रू सारखेच ढिले ठेवले तर डबा झुलतो, आणि सारखेच आवळले तर रुळाच्या उंचसखलपणात एक चाक हवेत राहते. एक बोगी अशी बसवा की ती फक्त डावीउजवीकडे वळेल आणि पुढेमागे डोलेल, पण बाजूला कलणार नाही. त्यासाठी तिच्या डोक्यावर आसाला समांतर, बाजूंना एकेक अशा प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या चिकटवा. दुसऱ्या बोगीला मधोमध एकच वॉशर ठेवा म्हणजे ती सगळीकडे कलेल. तिपाई कुठेही ठेवली तरी डुगडुगत नाही, तसा मग डबा उभा राहतो.

चौथे, वजन. एचओसाठी अमेरिकन मॉडेलकारांच्या संघटनेची शिफारस आहे : सुरुवातीचे 28 ग्रॅम आणि डब्याच्या दर सेंटिमीटरला साधारण 5.6 ग्रॅम. तुमच्या 245 मिमीच्या डब्याला हे 165 ग्रॅम होतात. किटचा नुसता डबा त्यापेक्षा बराच हलका असतो, आणि ढकलताना हलका डबाच आधी उचलला जातो. गाडीच्या टायरवाल्याकडे चाक बॅलन्स करायच्या चिकटपट्ट्या मिळतात, 5 आणि 10 ग्रॅमच्या तुकड्यांच्या. त्या तळावर, दोन्ही बोग्यांच्या मध्ये, समान वाटून लावा. छतात वजन घालू नका. पाचही डब्यांचे वजन एकमेकांशी 10 ग्रॅमच्या आत जुळायला हवे, कारण दोन जड डब्यांमधला एक हलका डबा वळणावर आतल्या बाजूला ओढला जातो.

आता वळण. आयसीएफच्या बोगीचा मध्यबिंदू ते दुसऱ्या बोगीचा मध्यबिंदू हे अंतर 14,783 मिमी, म्हणजे मॉडेलमध्ये 170. दोन्ही टोके बोगीच्या पुढे साडेसदतीस मिमी लोंबतात. 457 च्या त्रिज्येवर हे टोक रुळाच्या मध्यरेषेपासून साडेआठ मिमी बाहेर जाते आणि डब्याचे पोट आठ मिमी आत येते. कपलिंग (दोन डबे जोडणारा आकडा) डब्याला पक्के असेल तर एवढी बाजूची ओढ ते सोसू शकत नाही. कपलिंग बोगीला असेल तर ढकलताना सगळा जोर बोगीलाच पिळतो, आणि तुमची तक्रार नेमकी हीच आहे. डब्याच्या लांबीच्या तिप्पट त्रिज्या, म्हणजे सुमारे 735 मिमी, हा सुरक्षित आकडा. तेवढी जागा नसेल तर 610 वर या आणि कपलिंग डब्याला बसवताना डावीउजवीकडे सरकणारी खाच असलेले घ्या. उलटसुलट वळणांच्या मध्ये किमान एका डब्याएवढा सरळ रूळ ठेवा. तिथे एका डब्याचे टोक डावीकडे गेलेले असते आणि दुसऱ्याचे उजवीकडे, त्यामुळे ओढ दुप्पट होते.

हे सगळे झाले की कपलिंगची उंची बघा. लागोपाठच्या दोन डब्यांत एक मिमीपेक्षा जास्त फरक नको.

प्रश्न : जुने डिझेल इंजिन घेतले आहे. चालताना टक्‌ टक्‌ असा आवाज येतो आणि पाच मिनिटांत मोटर तापते. (एक वाचक, इचलकरंजी)

हे दोन वेगळे आजार आहेत. आधी टकटक मोजा. चाकाच्या एका फेरीत एकच ठोका पडत असेल तर आसावरचा प्लॅस्टिकचा गिअर तडकलेला आहे. लोखंडी आसावर तो घट्ट दाबून बसवलेला असतो. वर्षे गेली की प्लॅस्टिक आकसते, आस आकसत नाही, मग गिअर दोन दातांच्या मधोमध फाटतो आणि तिथे दातांमधले अंतर वाढते. भिंगातून केसाएवढी रेघ दिसेल. फेविक्विकने तो जुळत नाही, कारण गिअरचे प्लॅस्टिक नायलॉन किंवा ॲसिटल असते आणि त्याला हा गोंद धरत नाही. नवा गिअर आणा. तो बसवण्याआधी त्याचे भोक पाच शतांश मिमीने मोठे करून घ्या, म्हणजे पुन्हा ताण येणार नाही. मग धातूचे भाग पक्के करणाऱ्या रिटेनिंग कंपाउंडचा एक थेंब आसाच्या खरखरीत भागावर लावा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर बारीक काम करणारे कारागीर भोक मोठे करण्याचे हे काम रीमरने सहज करतात. फक्त आस आणि गिअर दोन्ही सोबत न्या, तोंडी माप सांगू नका.

तापण्याचे पहिले कारण वाळलेले ग्रीस. ते तपकिरी गोंदासारखे होते. गिअर सोडवून कोमट साबणपाण्यात जुन्या टूथब्रशने घासा, उरलेले आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थिनर वापरू नका, त्याने प्लॅस्टिक चिरते. नवे ग्रीस प्लॅस्टिकला चालणारेच हवे आणि दाताला लागेल एवढेच. जास्तीचे तेल वाहत जाऊन मोटरच्या कम्युटेटरवर (ब्रश टेकतात त्या फिरत्या भागावर) कार्बनचा चिखल करते.

साफ केल्यावर मल्टिमीटर जोडून प्रवाह बघा. एचओच्या बऱ्या मोटरला मोकळे चालताना 0.1 ते 0.3 अँपिअर पुरतात. 0.5 च्या वर जात असेल तर मोटरच्या चुंबकाचा जोर गेला असेल. उघड्या चौकटीच्या जुन्या मोटरचा आर्मेचर (तारा गुंडाळलेला फिरता गाभा) उगाच बाहेर काढू नका. त्या चुंबकांचे वर्तुळ तुटले की जोर कायमचा कमी होतो.

प्रश्न : डब्ल्यूडीएम-2 चे रेझिनचे बॉडी किट मिळाले आहे. खाली कुठली चेसिस घालावी? मोटर बदलायची झाली तर कशी निवडावी? (एक वाचक, कागल)

डब्ल्यूडीएम-2 या आपल्या रेल्वेच्या डिझेल इंजिनाची मूळ रचना अमेरिकेच्या ॲल्को कंपनीची. तिच्या बोगीत तीन आस आहेत, पण त्यांच्यातली अंतरे सारखी नाहीत. एक 1700 मिमी, दुसरे 2100. एचओमध्ये ती साधारण 19.5 आणि 24 होतात. म्हणून समान अंतराच्या सहा आसांच्या इंजिनाची चेसिस घातली की बॉडी कितीही सुरेख असो, जाणकाराला ती खटकते. ॲल्कोच्याच आरएसडी मालिकेतल्या सहा आसांच्या इंजिनांच्या मॉडेलमध्ये अशीच विषम बोगी असते. जुन्या मालात ती शोधा. चाके थोडी लहान निघतील (आपले चाक 1092 मिमी, म्हणजे 12.5 मिमी), तेवढे खपवून घ्या. बफरसह लांबी 17,120 मिमी, म्हणजे 197 मिमी. चेसिस लांब निघाली तर कापण्याआधी बोग्यांच्या मध्यबिंदूंमधले अंतर बॉडीखालच्या जागेशी कागदावर जुळवून बघा.

मोटर निवडताना फेऱ्यांचा हिशेब करा. इंजिनाचा कमाल वेग ताशी 120 किमी. 87 ने भागले की सेकंदाला 383 मिमी. 12.5 च्या चाकाचा परीघ 39.3 मिमी, म्हणून चाक मिनिटाला 585 फेरे घेईल. वर्म (मोटरच्या शाफ्टवरचा मळसूत्रासारखा गिअर) आणि गिअर मिळून 15:1 असतील तर मोटरला 12 व्होल्टवर सुमारे 8,800 फेरे हवेत. स्वस्त मोटर म्हणून 20,000 फेऱ्यांची आणाल तर इंजिन सुरू होताच उडी मारेल आणि हळू चालणारच नाही. शाफ्ट 1.5 चा की 2 मिमीचा हे वर्मच्या भोकावरून ठरते. मोटर आणि वर्म एका रेषेत येत नसतील तर मध्ये सिलिकॉनच्या नळीचा तुकडा घाला. मोटर फेविक्विकने चिकटवू नका, त्याची वाफ बेअरिंगमध्ये शिरते. सिलिकॉन सीलंट वापरले तर आवाजही दबतो.

प्रश्न : साध्या डीसी इंजिनात डीसीसीचा डिकोडर बसवताना तो जळाला. चूक काय झाली? (एक वाचक, गडहिंग्लज)

डीसीसी म्हणजे रुळातूनच अंकी आज्ञा पाठवून प्रत्येक इंजिन वेगळे चालवण्याची पद्धत, आणि डिकोडर म्हणजे त्या आज्ञा वाचणारा इंजिनातला भाग. बहुतेक वेळा मोटरचे एक टोक चेसिसला, म्हणजे एका रुळाला, जोडलेले राहते. जुन्या इंजिनांत एक ब्रश थेट धातूच्या सांगाड्यावरच टेकतो. डिकोडर जोडण्याआधी मोटरच्या दोन्ही टोकांपासून डाव्या आणि उजव्या चाकांपर्यंत मल्टिमीटरने चार तपासण्या करा. एकातही सलगता, म्हणजे वीज जायला वाट, दिसता कामा नये. मग लाल वायर उजव्या रुळाला, काळी डाव्या रुळाला, नारिंगी आणि राखाडी मोटरला. पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या दिव्याची, निळी दोन्ही दिव्यांची सामाईक. एलईडीला 1 किलोओहमचा रेझिस्टर लावाच.

नवा डिकोडर घेण्याआधी मोटरचा अडलेला प्रवाहही मोजा : 12 व्होल्ट देऊन चाक एक सेकंद धरून ठेवायचे. डिकोडरची क्षमता त्या आकड्यापेक्षा जास्त हवी. बसवल्यावर इंजिन थेट मुख्य रुळावर ठेवू नका. डिकोडरची मांडणी करायच्या वेगळ्या रुळावर, म्हणजे प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर, प्रवाह मर्यादित असतो, तिथे नव्या डिकोडरचा मूळ पत्ता 3 वाचला गेला तर जोडणी बरोबर आहे. काळी इन्सुलेशन टेप टाळा. उष्णतेने तिचा गोंद पाघळतो. हीट-श्रिंक (तापवली की आवळणारी) नळी वापरा.

प्रश्न : पावसाळ्यात डब्यांना स्प्रेने रंग दिला तर वर पांढरी सायीसारखी झाक आली. (एक वाचक, पन्हाळा)

लॅकरमधला थिनर झपाट्याने उडतो, त्याने पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ ओल्या रंगावर जमते. पन्हाळ्याच्या धुक्यात जून ते सप्टेंबर हे होणारच. रंग खराब झालेला नाही. कोरड्या दुपारी त्यावर नुसत्या रिटार्डर (सावकाश उडणाऱ्या) थिनरचा अगदी हलका हात फिरवा, झाक बहुधा विरते. पुढच्या वेळी डबा कोमट पत्र्याच्या पेटीत अर्धा तास ठेवून मग रंगवा आणि स्प्रेचा कॅन कोमट पाण्यात उभा करा, 40 अंशांच्या वर कधीही नको. निळ्या गाडीत आधी सगळीकडे फिका निळा द्या, तो पूर्ण वाळल्यावर टेप लावून खिडक्यांचा गडद पट्टा. टेपच्या कडेवर आधी फिक्याच रंगाचा एक पातळ हात मारला की तो फटी भरतो आणि गडद रंग खाली झिरपत नाही. टेप गडद रंग अर्धवट ओला असतानाच, मागे दुमडून, सावकाश काढा.